एक नंबरची ओळ

शेंडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नववीतल्या एका मुलीची माफी मागत होत्या.

सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू होऊन चारच दिवस झाले होते. व्हरांड्यात एक मुलगी भिंतीला टेकून हुंदके देत होती आणि तिच्यासमोर पंचेचाळिशीच्या, जरा बुटक्या, घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई हात जोडून उभ्या होत्या. शिक्षिकेनं विद्यार्थिनीला हात जोडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

झालं होतं असं. वर्गात पूजा ठाकरे नावाच्या दोन मुली. दोघींच्या बापाचं नाव रमेश. सहामाहीच्या निकालात एकीचे गुण दुसरीच्या नावावर चढले. पास झालेल्या पूजानं नापास म्हणून दोन दिवस घरात जेवण सोडलं होतं. ऑफिसातले बाबू म्हणाले, "नाव सारखं, बापाचं नाव सारखं, आम्ही तरी काय करणार?" चूक बाबूंची होती, पण माफी मागायला उभ्या राहिल्या त्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नलिनी शेंडे.

त्याच दिवशी त्यांनी दोन्ही पूजांना लॅबमध्ये सगळ्यांपुढं उभं केलं. मी दाराशी थांबून ऐकत होते.

"नाव म्हणजे माणूस नाही," त्या म्हणाल्या. "नाव दोघींचं एक असू शकते. बापाचं नाव एक असू शकते. जन्मतारीखही एक असू शकते. मग ओळखायचं कसं? प्रत्येकाले एक नंबर द्यायचा, जो आधी कोणाले दिला नाही अन् पुढं कोणाले द्यायचा नाही. तो माणूस शाळा सोडून गेला, गाव सोडून गेला, तरी त्याचा नंबर दुसऱ्याले नाही द्यायचा. त्याले म्हणतात प्रायमरी की. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "एका ओळीवर दोन माणसं बसवली, की दोघांपैकी एक हवेत राहते."

हे वाक्य कोणी लिहून घेतलं नाही. मला मात्र ते लागून राहिलं. मला वाटलं, बाई शिकवता शिकवता छान बोलून जातात. त्या वाक्यामागं काय आहे, ते कळायला मला अकरा वर्षं लागली.

शेंडे मॅडम मुळात गणिताच्या. शाळेत पहिले चार कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांच्या गळ्यात लॅबची चाबी घातली. ती चाबी त्या खरोखरच गळ्यात घालायच्या, काळ्या दोऱ्यात ओवून, पदराच्या आत. लग्न केलेलं नव्हतं. बेसाला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये म्हाताऱ्या आईला घेऊन राहायच्या. उन्हाळ्यात सगळ्या नागपुरी बायका बांधतात तसा तोंडावर स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर यायच्या, आणि गेटशी आल्यावर तो सोडताना दर वेळी स्वतःच्या चेहऱ्यावरून एकदा हात फिरवायच्या. आहे ना जागेवर, असं बघितल्यासारखा. आम्ही हसायचो.

स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल माझ्या शेजारी. बोलणं कमी. पण शिकवणं असं की रिकामा तास असला तर मी मुद्दाम लॅबच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. डेटाबेस हा शब्द मला त्यांच्यामुळे माणसासारखा वाटायला लागला. टेबल म्हणजे काय, तर घर. ओळ म्हणजे घरातलं एक माणूस. उभा रकाना म्हणजे त्या माणसाला विचारलेला एक प्रश्न. नाव काय, जन्म कधीचा, राहतोस कुठं.

एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, "कोणाले आपल्या आजीची जन्मतारीख माहीत नाही?"

अर्ध्या वर्गाचे हात वर.

"मग आजीच्या ओळीत त्या रकान्यात काय लिहाल?"

एक पोट्टा म्हणाला, "शून्य."

"शून्य लिहिलं तर कॉम्प्युटर समजेल तुही आजी शून्य साली जन्मली. दोन हजार वर्षांची म्हातारी घेऊन फिरशील का?" वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. "रिकामं सोडायचं. शून्य म्हणजे 'नाही'. रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. 'नाही' अन् 'माहीत नाही' यातला फरक ज्याले समजला, त्याले अर्धा डेटाबेस समजला."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुष्कळ माणसांचं पुष्कळ काही रिकामं असते. ते कोणीतरी आपल्या मनानं भरून टाकते, अन् मग तेच खरं होऊन बसते."

त्यांच्या काही सवयी मात्र विचित्र होत्या. सरावासाठी मुलं जे टेबल बनवायची, त्यात त्या पहिली ओळ भरू द्यायच्या नाहीत. विद्यार्थ्यांची यादी दोन नंबरपासून सुरू. एखाद्यानं एक नंबर टाकला तर स्वतः उठून जायच्या आणि पुसायच्या. कोणी विचारलं की एवढंच म्हणायच्या, "एक नंबर कोणाचा तरी असते. तुमचा दोनपासून." मुलं एकमेकांत कुजबुजायची, मॅडम अंधश्रद्धाळू आहेत.

आणि वाढदिवस. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा वाढदिवस यायचा. ऑफिसातल्या यादीत होता. एका वर्षी नव्या शिक्षकांनी हौसेनं केक आणला. शेंडे मॅडमनी सुरी हातात घेतली, केकवरचं स्वतःचं नाव वाचलं आणि सुरी माझ्याकडे दिली.

"तू काप वं, मानकर. माहा नाही आज."

सगळ्यांना वाटलं लाजतात. मी केक कापला. त्यांनी पहिला तुकडा कागदी प्लेटमध्ये घेतला, काही न बोलता वरच्या मजल्यावर लॅबमध्ये गेल्या आणि खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ती प्लेट ठेवून परत आल्या. लॅबला कुलूप लावलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर मीच वर गेले होते. खिडकी बंद होती, प्लेट जागेवर होती, आणि प्लेट स्वच्छ होती. मुंगीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, उंदीर असतील. त्या म्हणाल्या, "हव, असतील." आणि प्लेट घडी करून पर्समध्ये ठेवली.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतंच काय? उंदरानं केक खाल्ला. तरी त्या घडी घातलेल्या प्लेटची मला पुढं बरेच दिवस आठवण येत राहिली.

त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. एप्रिल महिना, सकाळची शाळा, परीक्षा चालू. बारा वाजता मुलं गेली. नागपूरची एप्रिलमधली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सडकेवर कुत्रंही नसतं, आवाज म्हणजे फक्त कूलरचे. आमच्याकडे जुन्या बायका म्हणतात, भरदुपारी आणि भरमध्यरात्री सारखीच काळजी घ्यावी. मी पेपर तपासायला थांबले होते. गठ्ठा घेऊन वरच्या मजल्यावरून जाताना लॅबच्या खिडकीतून आत पाहिलं, तर शेंडे मॅडम पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. पाठ माझ्याकडे. मोतिया रंगाची साडी, जराशी वाकलेली मान.

मी खिडकीतूनच म्हटलं, "मॅडम, खाली चहा ठेवते. येता का?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त डावा हात वर केला आणि हलवला, येते म्हणून.

मी जिना उतरले. शेवटच्या पायरीवर होते तेव्हा गेटमधून स्कूटी आत आली. स्कार्फ सुटला. चेहऱ्यावरून हात फिरला. शेंडे मॅडम.

माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला. त्यांनी तो उचलायला मदत केली. "काय झालं वं? उन्ह लागलं का?"

"तुम्ही वर होता ना आत्ता?"

"मी बँकेत गेली होती. अकरालेच निघाली."

"मग लॅबमध्ये कोण बसलंय?"

"लॅबले कुलूप आहे." त्यांनी पदराआडून काळा दोरा ओढून चाबी दाखवली.

मी जे पाहिलं ते सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. घाबरल्या नाहीत, हसल्या नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"अंबाडा होता का वेणी?"

मी डोळे मिटून आठवलं. पाठीवर एक लांब वेणी होती, पार खुर्चीच्या खाली गेलेली. शेंडे मॅडमना मी अकरा वर्षांत अंबाड्याशिवाय पाहिलं नव्हतं.

"वेणी," मी म्हणाले.

"मग घाबरू नको," त्या म्हणाल्या. "ती काही करत नाही."

आम्ही दोघी वर गेलो. कुलूप जसंच्या तसं. त्यांनी उघडलं. आत कोणी नव्हतं. सगळे कॉम्प्युटर बंद, वर कापडी झाकणं घातलेली. तापलेल्या स्लॅबखालची बंद खोली, भट्टी उघडावी तशी वाफ अंगावर आली. शेंडे मॅडम पहिल्या कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. मग माझा हात धरून तिथं टेकवला.

ती खुर्ची गार होती. माठाच्या बुडाला हात लावावा तशी गार.

मी शेजारच्या खुर्चीला हात लावून पाहिला. तिचं रेक्झिन चटका देत होतं.

"रविवारी घरी ये," त्या म्हणाल्या. "आईले भेटून जा. मग सांगते."

बेसाला त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदाच गेले. बाहेरच्या खोलीत दिवाणावर आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या, वाळक्या, पण डोळे चमकदार. अलीकडं त्यांना विसरायला होतं, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. समोर तीन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर मी बसले, दुसरीवर मॅडम. मी पर्स तिसऱ्या खुर्चीवर ठेवायला गेले तशी आजी ओरडल्या.

"अवं, तिच्या मांडीवर काहून ठेवतं?"

मी पर्स उचलून घेतली. आजींनी माझ्याकडे पाहून समजावलं, "हे लहानी. शाळेत शिकवते. अन् हे मोठी. इले बोलता येत नाही, दोन वर्साचीच हाय ना. पण वाढली पहा कशी, केस पहा."

चहा झाल्यावर मॅडमनी मला आतल्या खोलीत नेलं आणि जे सांगितलं ते असं.

उमरेडकडच्या एका खेड्यात त्यांच्या आईला पहिली मुलगी झाली. नाव ठेवलं नलिनी. गावच्या वहीत तिच्या जन्माची नोंद झाली. दोन वर्षांची असताना गोवरात ती गेली. मृत्यूची नोंद करायला कोणी गेलं नाही. तेव्हा कोण जायचं? पुढं वर्षभरानं दुसरी मुलगी झाली. तिच्या जन्माचीही नोंद कोणी केली नाही. तिला घरात सगळे 'लहानी' म्हणायचे. सहा वर्षांची झाल्यावर बाप तिला शाळेत घेऊन गेला, तर मास्तरांनी जन्माचा दाखला मागितला. बापानं घरी येऊन पेटी उघडली. पेटीत एक दाखला होता.

"तो नलिनीचा होता," मॅडम म्हणाल्या. "बापानं तोच नेला. मास्तर म्हणाले, नऊ वर्षांची पोरगी, उशिरा घातली शाळेत. त्या दिवसापासून मी नलिनी. तिचं नाव, तिची तारीख, तिची ओळ. माही कुठंच नोंद नाही, मानकर. कागदावर मी जन्मलीच नाही. अन् ती कागदावर मेली नाही. मग ती जाईल कुठं? माह्या वयासंगं तिचंही वय वाढून राहिलं. नोकरी लागली तिले. प्रमोशन भेटलं तिले. मी फक्त काम करते."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"पाठमोरीच. लहान होती तवापासून. ती कधी तोंड फिरवत नाही. तिचं तोंड कसं आहे मले माहीत नाही." मग म्हणाल्या, "माह्यासारखंच असेल."

त्या स्कार्फ सोडताना चेहऱ्यावरून हात का फिरवायच्या, ते मला तेव्हा समजलं. त्यानंतर मी कधी हसले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ऑफिसातून त्यांना पत्र मिळालं. येत्या मार्चअखेर अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत असल्यानं निवृत्ती. सेवापुस्तकातील जन्मतारखेबाबत काही म्हणणं असल्यास पुराव्यासह लेखी कळवावं. मी ते पत्र वाचलं आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही पंचावन्नच्याच आहात! तीन वर्षं आहेत तुमच्या हातात. आजी साक्षीला आहेत अजून. प्रतिज्ञापत्र करा."

त्यांनी पुष्कळ दिवस ऐकलं नाही. मी पाठ सोडली नाही. आज वाटतं, सोडायला हवी होती. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की एक जातिवंत शिक्षिका कागदाच्या चुकीपायी तीन वर्षं आधी घरी बसणार. शेवटी ऑक्टोबरात त्या तयार झाल्या. ओळखीच्या वकिलाकडून मसुदा लिहून घेतला. आजींना सही येत नव्हती, अंगठा हवा होता. मी साक्षीदार म्हणून बेसाला गेले.

तीच खोली, तीन खुर्च्या. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, खिडकीतला कूलर अजून चालूच होता. मॅडम आईच्या पायाशी बसल्या, स्टॅम्पपॅड उघडून बाजूला ठेवलं, आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"माझी थोरली मुलगी नामे नलिनी ही वयाच्या दुसऱ्या वर्षी मयत झाली असून..."

आजींनी हात वर करून थांबवलं. आणि लेकीकडे नाही, तिसऱ्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "आयकलं का वं, नलू? तुले मेली म्हणून राहिली हे."

कूलर बंद पडला. लाइट गेली असेल, आमच्याकडे जाते. पण त्या एकदम आलेल्या शांततेत मला खुर्चीच्या वेताचा आवाज ऐकू आला. कोणी बसल्या जागी जरा मागं सरकावं, तसा. मी तिकडं पाहिलं नाही. मॅडमनीही पाहिलं नाही. त्या आईचा अंगठा हातात धरून तशाच बसल्या होत्या.

मग आजी लेकीकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम साधा झाला, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा.

"अन् तू काहून तिच्या नावावर बसली इतके दिवस? तुह्यं नाव तं सुलभा हाय. म्या ठेवलं होतं. पाचवीच्या दिवशी तुह्या कानात सांगितलं होतं. तुह्या बापानं लिहू दिलं नाही."

शेंडे मॅडमना मी रडताना पाहिलं ते त्या एका दिवशी. आवाज नव्हता. त्यांनी आईचा अंगठा हळूच तिच्या मांडीवर ठेवला, पॅडचं झाकण लावलं, आणि प्रतिज्ञापत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

"हे फाडून टाक."

"पण मॅडम, तीन वर्षं..."

"तिच्याजवळ तेवढी एकच ओळ आहे, मानकर. तीही पुसायची का? पुसून त्यावर मले लिहायचं? आयुष्यभर पोरांले हेच सांगत आली ना, की असं करू नका." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मले नाव भेटलं आज. बस झालं."

मी तो कागद फाडला नाही. तो आजही माझ्या कपाटात आहे, अंगठ्याची जागा कोरी.

आजी जानेवारीत गेल्या. अंबाझरी घाटावरून परतताना मॅडम माझ्या शेजारी गाडीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आम्हा दोघींले वेगळं ओळखणारी एकच होती. ती गेली." मग माझ्याकडे पाहिलं. "आता तूच आहेस एक." मी मान डोलावली. काय कबूल करत होते ते मला धड कळत नव्हतं, पण पाठीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटलं.

मार्चअखेरीस निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. दोन पूजांपैकी एक आता मिहानमधल्या कंपनीत डेटाबेसचंच काम करते. ती खास सुट्टी काढून आली होती आणि बोलताना रडली. मॅडमना बोलायला सांगितलं तेव्हा त्या माइकपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "नलिनी शेंडेंनी या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यांची नोकरी आज संपली. त्यांना तुम्ही चांगलं वागवलं, त्याबद्दल आभार." आणि खाली बसल्या. लोकांना वाटलं, नम्रपणा म्हणून असं दुसऱ्याबद्दल बोलल्यासारखं बोलल्या. टाळ्या वाजल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही.

त्यांच्या जागी एक तरुण शिक्षक आले. त्यांनी लॅबमधल्या जुन्या फायली साफ करायला घेतल्या आणि एक दिवस मला वर बोलावलं. "मॅडम, ही शेंडे मॅडमची फाइल दिसते. डिलीट करू का?"

टेबलात दोनच ओळी होत्या. एक नंबर: नलिनी. जन्मतारीख भरलेली. मृत्यूच्या रकान्यात निरोपसमारंभाच्या दिवसाची तारीख. दोन नंबर: सुलभा. जन्मतारीख रिकामी, कारण ती कोणालाच माहीत नव्हती. मृत्यूचा रकाना रिकामा.

"राहू द्या," मी म्हणाले. त्यांनी का म्हणून विचारलं. मी ती फाइल बंद केली.

मी त्यांना पुष्कळदा फोन केला. नंबर बंद होता. जूनमध्ये बेसाला जाऊन आले. शेजारणीनं सांगितलं, मॅडम फ्लॅट विकून गेल्या. कुठं, ते माहीत नाही.

नंतर त्या मला एकदाच दिसल्या. दिवाळी होऊन गेली होती. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात, सकाळी अकराची वेळ, लख्ख ऊन, ही गर्दी. दहा पावलांवर त्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडत होत्या. केस खांद्यापर्यंत कापलेले, अंगात बिनबाह्यांचा पिवळा कुर्ता. वयानं लहान वाटत होत्या. तीन वर्षांनी म्हणाल तर तीन वर्षांनी, दहा म्हणाल तर दहा. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडले, "शेंडे मॅडम!"

त्यांनी मान वर केली नाही.

"नलिनीताई!"

भाजीवाल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. त्या जुडीची माती झटकत राहिल्या.

मी अगदी जवळ गेले. माझा आवाज का खाली आला कोण जाणे. म्हटलं, "सुलभा."

त्या लगेच वळल्या. जन्मापासून याच नावानं हाक ऐकत आलेलं माणूस वळतं तशा, सहज.

"हव?"

तोच चेहरा. पण त्या डोळ्यांत मी नव्हते. पालकसभेत पहिल्यांदा आलेले पालक शिक्षकाकडे बघतात तसं त्या माझ्याकडे बघत होत्या, आदबीनं, ओळख नसलेलं हसू घेऊन. थट्टा म्हणावी, तर शेंडे मॅडमनी अकरा वर्षांत कधी थट्टा केली नव्हती.

"मी मानकर," मी म्हणाले. "शाळेतली."

"अच्छा, अच्छा! माह्या बहिणीच्या शाळेतल्या का तुम्ही? ती सांगायची मानकर मॅडमबद्दल." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती गेली ना, मार्चमध्ये. तुम्हाले कोणी कळवलं नाही का?"

मला रडू फुटलं. बाजार चालू होता, कोणी टमाट्याचा भाव ओरडत होतं. त्या हळूहळू माझा खांदा थोपटत राहिल्या, ज्याचं माणूस गेलंय त्याला थोपटावं तशा, माझं रडणं थांबेपर्यंत.